वरणाची बादली

पहाटे पावणेपाचला आप्पासाहेब बाजेवर उठून बसले. बसले म्हणजे काय, तिसऱ्या झटक्याला बसले. आधी डाव्या गुडघ्यानं कळ मारली, मग उजव्यानं, मग कंबरेनं, आणि खांद्याचं तिथं काही काम नसताना त्यानंही हजेरी लावली. बासष्ट वर्षांच्या त्या देहात गुमान पडून राहील असा एक सांधा उरला नव्हता. तोंडातून एक कचकचीत शिवी निघाली. थोडी ती बूट कॅम्पला होती, थोडी स्वतःला, आणि उरलेली सगळी गुरुलिंगला.

बाहेर साखराबाई अंगण झाडत होत्या. कंबरेत वाकून, हातात खराटा, खर्र खर्र. आप्पासाहेब भिंतीला धरून बुटात पाय घालायच्या खटपटीत होते.

"कुठं निघालाव?"

"फिरायला."

"फिरून आल्यावर अंगाला वाळू कशी लागती मग?" साखराबाईंनी मान वर न करताच विचारलं. "लोळून राहिलाव का कुठं?"

"तू तुझं काम कर."

"तेच करून राहिले. पाय उचला, तिथलं झाडायचंय."

पाय उचलायचं तेवढं सांगू नको, असं आप्पासाहेबांच्या अगदी ओठावर आलं होतं. पण ते पोराची स्कूटी काढून अहमदपूरच्या रस्त्याला लागले.

आता हा बासष्टीतला शेतकरी माणूस थंडीत काकडत व्यायामाला का निघाला, तर त्याला कारण वरणाची बादली. गावच्या सप्ताहात काल्याच्या दिवशी मोठी पंगत बसते. तिच्यातली वरणाची बादली अठ्ठावीस वर्षं आप्पासाहेबांची होती, त्याआधी त्यांच्या वडिलांची. बुंदी काय हो, कुणीही वाढतं. सांडली तर उचलता येते. वरणाचं तसं नाही. डाव्या हातात भरली बादली, उजव्या हातात वगराळं, कंबरेत वाकायचं आणि शंभर पानांची ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत कंबर सरळ न करता वाढत न्यायची. पत्रावळीबाहेर थेंब पडता कामा नये. आप्पासाहेब ते एका दमात करायचे. कुणा पोरानं बादलीला हात लावलाच, तर त्याच्यावर वगराळं उगारायचे.

गेल्या साली साठाव्या पानावर ते वाकले आणि तसेच अडकले. ना खाली, ना वर. बादली कलंडली आणि अर्धं वरण एका पाहुण्याच्या पांढऱ्याशुभ्र धोतरात गेलं. एवढ्यावर भागलं असतं. पण माईक होता गुरुलिंगच्या हातात. गुरुलिंग शाळेपासूनचा दोस्त, आणि असा दोस्त असल्यावर माणसाला वेगळा दुश्मन लागत नाही. त्यानं चार कर्ण्यांवरून पुकारलं, "आप्पासाहेबांसाठी खुर्ची आणा! वाकलेल्या आप्पासाहेबांसाठी ताबडतोब खुर्ची आणा!" आजूबाजूच्या तीन गावांनी ते ऐकलं.

पंगतीत खुर्ची म्हणजे साधी गोष्ट नाही. मांडवाच्या कडेला गुडघे गेलेल्यांची एक ओळ असते. त्यांना मांडीवर ताट देतात, "घ्या आजोबा, सावकाश होऊ द्या" म्हणतात, आणि त्यापुढं त्यांना कुणी काही विचारत नाही. त्या ओळीत बसलेला माणूस पुन्हा बादलीजवळ आल्याचं गावानं अजून पाहिलेलं नाही. आप्पासाहेबांना यंदा बादली परत पाहिजे होती. बास, दुसरं काही नको.

अहमदपुरात एका मैदानावर लुंबिनी नावाची ट्रेनर पोलीस भरतीच्या पोरापोरींना पळवायची. सव्वीस वर्षांची मुलगी, गळ्यात शिट्टी, आवाज असा की समोरचा आपोआप सावधान होतो. यंदाच्या हिवाळ्यात तिनं पन्नाशीपुढच्या लोकांसाठी वेगळी बॅच काढली. तिच्या फलकावर 'सीनियर बूट कॅम्प' असं लिहिलेलं होतं. तिथं मास्तर होते, पोस्टातले होते, दोन-तीन दुकानदार बाया होत्या. सगळे मिळून जे काही करत, त्याला लांबून बघणाऱ्यानं व्यायाम म्हटलं नसतं.

"काका, कंबर नका वाकवू! गुडघे वाकवा!" लुंबिनी ओरडली. आप्पासाहेबांच्या पुढ्यात वाळू भरलेलं खताचं पोतं होतं. "खाली बसा, पोतं छातीशी घ्या, मग उठा. किती दिवस सांगू?"

"बाई, गुडघे वाकवून वाढप होत न्हाई."

"कसलं वाढप?"

"काय न्हाई," म्हणून आप्पासाहेब पुन्हा कंबरेतच वाकले, आणि कंबरेनं त्यांना आकाशातले उरलेसुरले तारे मोजायला लावले.

मग प्लँक. पालथं पडायचं, कोपरांवर आणि पायाच्या बोटांवर देह उचलून धरायचा, आणि ती शिट्टी मारेपर्यंत कसंबसं जिवंत राहायचं. त्या दिवशी समोरच्या ओळीत, तोंडासमोर तोंड येईल असा, माकडटोपीतला एक माणूस थरथरत होता. "शिवशिव, शिवशिव" असं त्याचं चाललं होतं. हे कण्हणं आप्पासाहेबांच्या ओळखीचं होतं.

"गुरुलिंग?"

टोपीनं मान आणखी खाली घातली.

"आरं, गुरुलिंगच हाईस तू!"

"हळू बोल की," टोपी म्हणाली. "घरी दवाखान्यात जातो म्हणून सांगितलंय."

"तू कशाला मरायला आलास इथं?"

"बादली घ्यायला. यंदा वरण मी वाढणार हाय. तू गेल्या साली काय दिवे लावले ते समद्यांनी बघितलंय."

"माझ्या बादलीला हात तर लावून बघ!"

हात उगारायला आप्पासाहेबांनी कोपर उचललं आणि ते तोंडावर आपटले. त्यांना हसता हसता गुरुलिंगही आपटला. लुंबिनीनं दोघांनाही पुन्हा पहिल्यापासून करायला लावलं.

तिथून पुढं व्यायाम राहिला बाजूला. गुरुलिंगनं दहा उठाबशा काढल्या की आप्पासाहेब अकरा. आप्पासाहेबांनी मैदानाला दोन फेऱ्या मारल्या की गुरुलिंग धापा टाकत तिसरी. घरी दोघांच्याही अंगाला बामाचा असा वास, की मांजर जवळ यायचं बंद झालं.

काल्याच्या आदल्या दिवशी लुंबिनीनं दोघांना बाजूला घेतलं. "उद्या तुमच्या गावात कार्यक्रम आहे ना? मग आज नुसते हातपाय मोकळे करा. पोत्याला हात लावायचा नाही."

"हाव, हाव," दोघंही म्हणाले. ती पोरांकडं वळली मात्र, गुरुलिंगनं एक पोतं छातीशी धरलं आणि मैदानाच्या त्या टोकाला नेऊन परत आणलं. मग आप्पासाहेबांनी. चार खेपा झाल्या, आठ झाल्या. गुरुलिंगनं चौदा केल्या म्हणून आप्पासाहेबांनी पंधरा, आणि पंधरा केल्या म्हणून गुरुलिंगनं सोळा. बाविसाव्या खेपेला लुंबिनीचं लक्ष गेलं. ती कमरेवर हात ठेवून नुसती बघत राहिली.

"आज काय नाही वाटणार," ती म्हणाली. "उद्या सकाळी माझी आठवण काढा."

काढली की. आप्पासाहेबांनी लुंबिनीची, तिच्या शिट्टीची आणि जगातल्या समद्या पोत्यांची आठवण काढली. मांड्या दगड झाल्या होत्या. कंबर आपली नव्हतीच. साखराबाईंनी बगलेत हात घालून त्यांना उभं केलं, धोतर नेसवलं, टोपी डोक्यावर ठेवली आणि मांडवापर्यंत चालवत नेलं. कडेच्या ओळीतल्या खुर्चीवर त्यांना बसवलं तेव्हा शेजारी आधीच एक जण बसवलेला होता. गुरुलिंग. मांडीवर माईक, चेहरा उतरलेला.

"बावीस," आप्पासाहेब म्हणाले.

"माझ्याबी बावीस," गुरुलिंग म्हणाला. दोघांना रडू यायचं बाकी होतं. तेही आलं असतं, पण हुंदका दिला तरी बरगड्या दुखत होत्या.

पानं मांडली गेली. भाजी आली, बुंदी आली, भात आला. वरणाची बादली मात्र मांडवाच्या तोंडाशी तशीच वाफाळत उभी. तरणी पोरं एकमेकांकडं बघून राहिली. कुणी हातच लावेना. लावणार कसा, अठ्ठावीस वर्षं आप्पासाहेबांनी कुणाला शिकू दिलं असेल तर ना! भातावर वरण नाही आणि दोनशे माणूस हात आखडून बसलेलं. आप्पासाहेबांनी मान खाली घातली. आपल्यानंतर बादलीचं काय, हे या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा सुचत होतं.

तेवढ्यात साखराबाईंनी पदर खोचला आणि बादली उचलली.

"बायका कुठं वाढतेत का पंगतीत?" कुणीतरी म्हणालं.

"घरी रोज कुणाच्या हातचं खाताव?" साखराबाई म्हणाल्या आणि वाकल्या.

वाकल्या त्या वाकल्याच. पान मागं पडत गेलं, वगराळं खाली-वर होत गेलं, थेंब कुठं पडला नाही. पन्नास, साठ, शंभर. पहिली ओळ संपली, बादली भरून घेतली, दुसरी ओळ धरली. कंबर एकदाही सरळ झाली नाही. आप्पासाहेब बघत होते. हे वाकणं त्यांनी कुठंतरी बघितलं होतं, रोज पहाटे बघितलं होतं, आणि बुटात पाय घालायच्या नादात कधी बघितलंच नव्हतं.

शेवटी साखराबाई खुर्च्यांच्या ओळीपाशी आल्या. कपाळावर घाम होता.

"तुझी कंबर दुखत न्हाई का गं?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"दुखती की," साखराबाई म्हणाल्या. "चाळीस वर्सं झाली. मला खुर्ची कोण आणणार हाय?"

गुरुलिंगनं माईक तोंडाशी नेला आणि तसाच खाली ठेवला.

आप्पासाहेबांनी दोन्ही तळवे समोर धरले, लुंबिनी शिकवायची तसे, आणि हातांचा आधार न घेता ते खुर्चीवरून उठायला लागले. मांड्यांनी बोंब मारली. "उठ, आप्पा," गुरुलिंग हळूच म्हणाला. आप्पासाहेब उठले. त्यांनी साखराबाईंच्या हातातून बादली काढून घेतली आणि त्यांना खुर्चीवर बसवलं, पुरुषांच्या ओळीत, सगळ्या गावादेखत. मांडीवर पत्रावळ दिली, भात वाढला. आता वरण. कंबर वाकायला तयार नव्हती. मग त्यांनी गुडघे वाकवले, अगदी खाली बसले, आणि एक वगराळं भातावर सोडलं. थेंब सांडला नाही.

साखराबाईंनी घास घेतला. "मीठ कमी हाय."

"अगं, हात दे. मला उठता येईना."

गुडघे खरंच धरले होते. वाढणारा माणूस बादली धरून उकिडवा बसलेला, आणि दोनशे माणसं माना वळवून बघून राहिलेली.

"थांबा जरा," साखराबाई म्हणाल्या. "आज पहिल्यांदाच पहिल्या पंगतीला बसले. जेवू द्या."

आणि त्यांनी पत्रावळ पुढं करून आणखी वरण मागितलं.