पायाचा कोणता भाग

सिरसाळ्याच्या बाजारात खत-बियाण्यांचं दुकान चालवणारा मन्मथ बोलण्यात कुणाला हार जात नसे. मुलीला कराटेच्या क्लासला घातल्यापासून तर 'पोरींना सोताचं रक्षण करता आलं पाहिजे' हे वाक्य तो खताच्या पिशवीबरोबर गिऱ्हाइकाला फुकट देऊ लागला होता. त्यामुळे क्लासच्या प्रात्यक्षिकाला पाहुणा म्हणून त्यालाच बोलावलं, यात नवल नव्हतं.

शाळेचा हॉल पालकांनी भरला होता. बायकांत त्याची बायको सुरेखा बसली होती. मन्मथ बूट-मोजे काढून मॅटवर उभा राहिला, लाथ झेलायची जाड गादी हातात धरून, फोटोसाठी तोंड हसरं ठेवून.

मनिषा मॅडम शिकवण्यात कडक. पोरी हौसेने लाथ मारतात आणि स्वतःचाच पाय मोडून घेतात, असं त्या पालकांना सांगत होत्या. बोटं पुढे राहिली तर मोडलीच म्हणून समजा. पावलाच्या वरच्या बाजूची हाडं बारीक, त्या बाजूने मारायचं ते फक्त मऊ जागी. समोर मारायचं तर बोटं मागे ओढून चवड्याने. मग त्यांनी मुलींना विचारलं, जोर पुरेपूर बसावा आणि आपल्या पायाला काही होऊ नये, असा आणखी कोणता भाग?

चौथीतल्या रुद्राणीचा हात सगळ्यांत आधी वर गेला. मन्मथची छाती फुगली. माझी पोरगी, असं त्याने पुढच्या रांगेतल्यांना खुणेने सांगितलंही.

"टाच," रुद्राणी म्हणाली.

मॅडम खूश झाल्या. टाच तर अजून शिकवलीच नव्हती, मग तुला कसं ठाऊक, त्यांनी विचारलं.

"आमच्या पप्पांचं बघून. आधी ते मम्मीला बोटांनी मारायचे. दिवाळीत त्यांचा अंगठा लई सुजलता. तवापासून टाचंनं मारतेत. आता त्यांचा पाय दुखत न्हाई."

वर्गात उत्तर द्यावं तसं तिने नीट, स्पष्ट सांगितलं. आपण बापाची चहाडी करतोय हे तिच्या गावीही नव्हतं.

अंगठा खताच्या पोत्याखाली सापडला, असं मन्मथने साऱ्या बाजाराला सांगितलं होतं. लंगडत फिरून सहानुभूतीचे चहाही प्यायला होता. चहा पाजणारे पुढच्याच रांगेत होते आणि आता त्याच्या अनवाणी पायांकडे बघत होते. पाय कुठे ठेवावेत तेच त्याला कळेना. पोरगी काहीही बडबडते, असं हसून म्हणावं म्हणून त्याने तोंड उघडलं. सवयच ती.

पण सगळ्यांची तोंडं बघून रुद्राणी घाबरली होती. "मम्मी, चुकलं का माझं?"

सुरेखा कंबरेला हात देत कशीबशी उठली. माहेरी, दवाखान्यात, शेजारी 'न्हाणीत पाय घसरला' म्हणून सांगत नवऱ्याची अब्रू तीच सांभाळत आली होती. मन्मथने तिच्याकडे आशेने पाहिलं.

"न्हाई बाई," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "बरोबर हाय तुझं उत्तर."

तोवर मन्मथला लोकांची लाज वाटत होती. सुरेखाच्या कंबरेवरचा तो हात बघून त्याला स्वतःची वाटली, आणि मान वर उचलेना.

रुद्राणीचा जीव भांड्यात पडला. उत्तर बरोबर आलं होतं. आता बाप शाबासकी देईल म्हणून ती त्याच्याकडे बघत उभी राहिली.