पाळण्याचं वजन

तुम्ही चिंधाला मारलं, साहेब. हात लावला नाही, शिवी दिली नाही, नुसते जीपमधून उतरलात. तरी मारलं तुम्हीच. चौकशीत तुम्ही दुसरंच नाव घेतलं, म्हणून हे लिहितोय. मी शाळा चौथीत सोडली. शुद्धलेखन तपासायचं असेल तर खुशाल तपासा, पण आधी शेवटपर्यंत वाचा.

आमच्या टोळीत त्या यंत्राला पाळणा म्हणायचे. लोखंडी चौकट, चार लहान चाकं, आणि एक माणूस जेमतेम उभा राहील एवढा पिंजरा. खाली हँडल फिरवलं की पिंजरा तारेवर वर चढतो. दारातून आत जाईल इतका आटोपशीर. धुळ्याच्या सभागृहात पंखे टांगायला तुम्हीच तो मुंबईहून आणवलात. फरशीवर तो शहाण्या बैलासारखा वागायचा.

मग एकाहत्तर साली कुणी बडे पाहुणे आग्रा रोडने जाणार असं ठरलं, आणि त्यांना गाडीतून सोनगीरचा किल्ला दिव्यांनी उजळलेला दिसावा अशी हौस तुम्हाला आली. पायथ्याच्या उतारावर खांब रोवले. मुरुमावर शिडी सरकायला लागली. तुम्ही म्हणालात, पाळणा न्या.

उतारावर पाळणा खालच्या अंगाला झुकतो. खालच्या चाकांखाली दगड रचले तरी पिंजरा वर गेला की डुलतो. आमचा मुकादम जीवराम तुमच्यासमोर हात बांधून म्हणाला होता, "साहेब, दोरखंड आणि पहारी मिळाल्या तर चढाच्या बाजूने ताण देतो."

"एवढी माणसं फुकट उभी आहेत," तुम्ही म्हणालात, "त्यांना बसवा की."

झालं. चौकटीतून एक लांब वासा घातला, त्याचं टोक चढाच्या बाजूला काढलं आणि त्यावर चार माणसं बसवली. ती बसली की पाळणा सरळ, उठली की आडवा. त्यांना नाव पडलं 'वजन'. सकाळी जीवराम ओरडायचा, "वजन आलं का रे बठ्ठं?" म्हणजे सगळं आलं का, आणि चारी माणसं हसत हात वर करायची. हसायची, साहेब. बसून मजुरी मिळतेय म्हणून हसायची.

वर जायचा चिंधा. त्याची बायको कलाबाई वजनात. पहिल्या दिवशी ती बसायला लाजत होती. मुकादमासमोर, पुरुषांच्या रांगेत कसं बसायचं? चिंधा पिंजऱ्यात चढता चढता म्हणाला, "लगीन व्हयनं तवयपासून तुले बशेल दखी नही. आते सरकारी काम शे, बस!"

"आनि तू वर काय करशी? झोका लिशी?"

"तू ऊठनी ते मी पडसू. ध्यानमा ठेव."

"मंग रोज मन्हं आयकशी," ती म्हणाली. "नहीते ऊठसू."

तिची उठायची धमकी ऐकून वाशावरचा म्हातारा अभिमन इतका हसला की पाळणा हलला. चिंधाने वरून त्याच्या आईचा उद्धार केला.

आता नर्मदाबाईचं. ती तुम्हाला आठवणार नाही, मला आठवते. किल्ल्याच्या कामाआधी महिनाभर आम्ही खडी फोडायला होतो. तुम्ही आलात की सगळ्यांनी उठायचं, हातातलं खाली टाकून, बायांनी डोक्यावर पदर घेऊन. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, त्याची गरजही नव्हती. नर्मदाबाईच्या अंगावर पोर पीत होतं. ती उठली नाही. तुम्ही जीवरामला म्हणालात, "या बाईला बसायची सवय लागलेली दिसते. घरीच बसू दे." संध्याकाळी तिला कामावरून काढलं. त्यानंतर तुमच्या जीपचा नुसता आवाज आला तरी गरोदर बायासुद्धा उभ्या राहायच्या.

त्या दिवशी शेवटचा खांब होता, सगळ्यात वरचा, तीव्र उतारावरचा. हँडलवर मी. पिंजरा पार टोकाला नेला, खिट्टी लावली. चिंधा दिव्याचा स्क्रू पिळत होता. वाशावर चौघं, टोकाला कलाबाई. ती वर बघून विचारत होती, "जेवाले उतरशी का वरच भाकर फेकू?"

तेवढ्यात वळणावर जीप.

तुम्ही उतरलात. गॉगल काढलात. जीवराम पट्टा सावरत धावला आणि सवयीने ओरडला, "उठा रे! साहेब इनात!"

"बसा!" मी ओरडलो. "बसा, बसा!" पण हँडलवाल्याचं कोण ऐकतं? मुकादमाचं ऐकतात. अभिमन उठला. त्याच्या शेजारचे दोघे उठले. कलाबाई उठली, पदर डोक्यावर घेत, मान खाली घालून. तिची नजर तुमच्या बुटांवर होती, वर नव्हती.

आणि वर चिंधानेही कठडा सोडून तुम्हाला दोन्ही हात जोडले.

पाळणा आवाज न करता कलला. चिंधा जोडलेल्या हातांनीच गेला, उतारावर, खालच्या काळ्या खडकावर. कलाबाईने मान वर केली तेव्हा वर फक्त दिवा होता, एका स्क्रूवर लटकणारा.

तुम्ही पहिलं वाक्य काय बोललात ते मी विसरणार नाही. "पाळणा वाकला का बघा."

किल्ला उजळला, पाहुणे बघून गेले. मग चौकशी झाली. तुमच्या कचेरीत कलाबाईला बोलावलं, मला साक्षीला. तुम्ही तिला सांगितलंत, "बाई, तुला बसायचं काम दिलं होतं. तू उठलीस. तुझ्या निष्काळजीपणाने नवरा गेला." भरपाई नाही, आणि कामावरूनही काढली. गावात आता पोरं तिला बघून म्हणतात, ही ऊठनी आणि नवरा पडना. ती कुणाशी बोलत नाही. कुणी आलं तर उठत नाही. सासरा आला तरी उठत नाही. तिला वेड लागलं असं लोक म्हणतात.

कचेरीत ती एकच वाक्य बोलली होती. "साहेब, नर्मदी बशेल होती ना." तुम्ही शिपायाला घंटी मारलीत.

तिला उत्तर मिळायचं अजून बाकी आहे. म्हणून या कागदावर, सगळ्यांसमोर विचारतो, साहेब. त्या दिवशी कलाबाई तुमच्यासमोर वाशावर बसून राहिली असती, तर दुसऱ्या दिवशी तुम्ही तिला कामावर ठेवलं असतं का?

हो की नाही? बोला.