धूर जातोय कुठे

तुमाकोत, आमच्या गरम देशातल्या गावात, आम्ही दार लावायचो ते माणसांना भिऊन. हवेला भिऊनसुद्धा दार लावावं लागतं, हे मला पार दक्षिणेतल्या, थंड मुलखातल्या कोयाइकेला आल्यावर कळलं.

आलो तेव्हा फेब्रुवारी होता. इथला उन्हाळा. रस्त्यावर धूळ, परसात चेरीची झाडं, रात्री दहापर्यंत उजेड. माझा नवरा आर्सेसियो म्हणाला, "बघ, थंडीचं सांगून उगाच घाबरवत होते आपल्याला." त्याला चाकाबुको बंदरावरच्या मासळीच्या कारखान्यात काम मिळालं होतं. दहा दिवस तिकडे, चार दिवस घरी. आमची मुलगी मार्युरी सहा वर्षांची. तिला आठवड्याभरातच इथल्या पोरांसारखं बोलता यायला लागलं.

घर लाकडी, वर पत्रा, चढावरच्या वस्तीत. मधोमध लोखंडी चूल आणि तिचं धुराडं छपरातून वर गेलेलं. समोर रस्त्यापलीकडे एदेल्मिराबाई राहायच्या. सत्तरी उलटलेली, एक गुडघा कामातून गेलेला, लहानपण सगळं मेंढरांमागे डोंगरात काढलेलं. एप्रिलमध्ये एक दिवस त्या काठी टेकत आल्या आणि आमची पडवी बघून उभ्याच राहिल्या.

"लाकडं कुठायत गं?"

"घेऊ की बाई, थंडी सुरू झाली की."

त्या एवढ्या हसल्या की त्यांना खोकला लागला. "थंडीत घेतलेलं लाकूड म्हणजे पाणीच विकत घेतल्यासारखं, पोरी. ते जळत नाही, नुसतं रडतं."

तसंच झालं. मे अखेरीस आम्ही घेतलं ते लाकूड ओलं होतं. चुलीत टाकलं की चरचरायचं, टोकाला फेस यायचा, आणि घराला सदोदित धुराचा वास. पुढे तो वास येतोय हेही जाणवेनासं झालं.

जूनमध्ये पहिला बर्फ पडला. मार्युरी नाचत बाहेर पळाली. मी खिडकीशीच उभी राहिले. आमच्याकडे पाऊस येतो तो पत्र्यावर ताशा बडवत येतो, आल्याचं सगळ्या गावाला कळतं. हा मात्र चोरपावलांनी आला. झोपताना अंगण होतं, उठले तर अंगण नाही. कुत्री भुंकत नव्हती, गाड्यांचा आवाज नव्हता. मला वाटलं, माझे कानच गेले.

त्याच आठवड्यात नदीकाठी एक माणूस मेलेला सापडला. दारू पिऊन घरी निघाला होता, वाटेत दम खायला बसला, तो बसलाच. बेकरीत बायका बोलत होत्या. एक म्हणाली, "त्रास होत नाही हो. आधी छान झोप येते. अंग ऊबदार वाटायला लागतं म्हणे. आणि मग काही कळतच नाही."

ते वाक्य माझ्या मनात जाऊन बसलं. आधी झोप येते. मार्युरी लवकर झोपली की मी तिच्या नाकाशी हात धरून बघायचे. दिवसा पेंगली की हलवून जागं करायचे. आर्सेसियो फोनवर चिडायचा, "अगं, पोर आहे ते, झोपू दे की तिला!"

मी घर बंद करायला घेतलं. खिडक्यांच्या फटींत वर्तमानपत्राचे बोळे, त्यावर चिकटपट्टी, त्यावर प्लास्टिक. फळ्यांच्या सांध्यांतून वारा शिट्टी घालायचा, तिथे कणकेची खळ आणि कागद. चुलीच्या मागे भिंतीत खाली एक वाटीएवढं भोक होतं, जाळी लावलेलं. त्यातून सुरीसारखी हवा यायची. त्यात मी आर्सेसियोचा जुना स्वेटर कोंबला. एदेल्मिराबाई आमच्याकडे आल्या होत्या, बाकावर बसून सगळं बघत होत्या.

"घराला नाक ठेवणारेस की नाही?"

"तुम्हाला सवय आहे बाई. आम्ही गरम देशातली माणसं."

"श्वास गरम देशातली माणसंही घेतात ना?" त्या म्हणाल्या. पण मी ऐकलं नाही, आणि त्यांनीही फार ताणलं नाही. परक्याच्या घरात किती बोलायचं, याची त्यांना जाण होती. त्याचा पस्तावा त्यांना नंतर झाला.

जुलैच्या मध्यावर वादळ आलं. तीन दिवस. वारा इतका की छपराचे पत्रे दातओठ खायचे. बंदराचा रस्ता बंद झाला, आर्सेसियो तिकडे अडकला. शाळा बंद. दुसऱ्या दिवशी वरून काहीतरी धाडकन आपटल्याचा आवाज आला. मी मार्युरीला पोटाशी धरून बसले, बघायला बाहेर गेले नाही. जाऊन तरी काय दिसणार होतं? खिडकीबाहेर सगळं पांढरं, त्यात वर कुठलं आणि खाली कुठलं तेही कळेना. दाराला आतून ब्लँकेट ठोकलं होतं, त्याच्या कडा मी पुन्हा एकदा पट्टीने बंद केल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी वारा थांबला. उजाडलं तेव्हा नऊ वाजून गेले होते. माझं डोकं ठणकत होतं, जणू कुणी कपाळाला दोरी बांधून पिळतंय. वाटलं, तीन रात्री नीट झोप नाही, म्हणून. चुलीत ज्वाळा नव्हत्या, नुसते लालभडक निखारे होते. लाकूड संपत आलं होतं, म्हणून ऊब धरून ठेवायला मी धुराड्याची झडप जवळजवळ पूर्ण लावली होती.

"मार्युरी, ऊठ बाळा. दूध घे."

"डोकं दुखतंय आई."

तिचे गाल लालबुंद होते. कपाळाला हात लावला, ताप नव्हता. उठून बसली, दोन घोट दूध घेतलं आणि लगेच सगळं उलटून टाकलं. मग माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "मला झोप येतेय."

मी तिला खांद्यांना धरून हलवलं.

"नाही! झोपायचं नाही. ऐकतेस ना? डोळे उघड."

"छान वाटतंय झोपून," ती पुटपुटली.

थंडी आत शिरली, मला वाटलं. कुठूनतरी शिरली आणि माझ्या पोरीत जाऊन बसली. कुठली फट राहिली? मी उठले तर खोली फिरली. भिंतीला धरून धरून सगळे सांधे चाचपले. खिडकीची एक पट्टी सुटली होती, ती दाबून बसवली. आहे नाही तेवढी लाकडं चुलीत घातली, तिला दोन ब्लँकेटांत गुंडाळलं आणि चुलीच्या अगदी जवळ आणून निजवलं. स्वतःच्या हाताने, अगदी जवळ. हे मला अजून सांगवत नाही.

मग मीही तिच्या शेजारी बसले. मनात म्हणत होते, पाच मिनिटं, फक्त पाच मिनिटं डोळे मिटते.

फोन वाजला. वाजत राहिला. उचलावासा वाटत नव्हता. थांबला, पुन्हा वाजला.

"देयानिरा, चूल विझली का गं तुझी?" एदेल्मिराबाईंचा आवाज.

"नाही बाई. पेटलीय."

"पेटलीय? मी खिडकीतून बघतेय. तुझ्या धुराड्याची टोपी वाकून खाली बसलीय आणि तिच्यावर हातभर बर्फ. तो वितळत नाहीये. धूर नाही की वाफ नाही."

"पेटलीय हो," मी म्हटलं. जीभ जड झाली होती. "आत्ताच लाकडं घातली."

मग त्या म्हणाल्या, अगदी हळू, "मग धूर जातोय कुठे, पोरी?"

ते मला कळलं आणि कळलंही नाही. शब्द ऐकू येत होते, पण त्यांचा अर्थ लागायला फार वेळ लागत होता.

"मार्युरी कुठंय?"

"झोपलीय."

"बाहेर काढ तिला!" त्या एवढ्या जोरात किंचाळल्या की फोन हातातून पडायचा राहिला. "आत्ताच्या आत्ता! दार उघड आणि बाहेर पड!"

"बाहेर बर्फ आहे बाई. ती आजारी आहे. गारठेल."

"मूर्ख बये, गारठली तर शेकता येईल! मेली तर काय करशील? ऊठ! फोन ठेवू नकोस, ऊठ!"

मी उठले नाही, मी रांगले. मार्युरीला हाक मारली, गालावर चापटी मारली. तिची मान एका बाजूला कलंडली. त्या क्षणी मात्र माझ्या डोक्यातल्या धुक्यातून भीती आरपार आली. बर्फाची नव्हे. त्या बंद खोलीची, त्या लाल निखाऱ्यांची, माझ्याच हातांनी लावलेल्या प्रत्येक पट्टीची.

तिला बगलांखाली धरून फरफटत दाराशी नेलं. ब्लँकेट खिळ्यांनी ठोकलेलं. ओढलं, निघेना. ओट्यावरची सुरी आणायला चार पावलं होती, ती चार पावलं मला कोस वाटली. सुरीने ब्लँकेट फाडलं, पट्ट्या कापल्या, आपला अंगठाही कापला, ते नंतर रक्त पाहून कळलं. कडी काढून दार आत ओढलं.

समोर भिंत होती. छपरावरचा सगळा बर्फ घसरून दारात उभा राहिला होता, माझ्या छातीपर्यंत. तिच्यावर हातभर निळं आकाश.

त्या हातभर फटीतून हवा आली. सुरीसारखी. मी तोंड उघडून ती गिळली आणि ओकले. मग मार्युरीला उचललं. सहा वर्षांची पोर, पण त्या वेळी ती ओल्या वाळूच्या पोत्यासारखी झाली होती. दोनदा हातातून सुटली. तिसऱ्यांदा तिला त्या भिंतीवरून पलीकडे ढकललं. जिला मी महिनाभर बर्फाला बोट लावू दिलं नव्हतं, तिला बर्फात फेकून दिलं. मग नखांनी बर्फ खणत, पायाने लाथाडत मीही वर चढले आणि पलीकडे तिच्याशेजारी कोसळले. पायात मोजेसुद्धा नव्हते.

एदेल्मिराबाई रस्त्याच्या मधोमध होत्या. कमरेएवढ्या बर्फातून, काठी टाकून, फावड्यावर भार देत, एक पाय ओढत येत होत्या. येता येताच ओरडत होत्या, मला नव्हे, अख्ख्या वस्तीला आणि शेजारच्या गाडीवाल्याला. "ओ रिगोबेर्तो! गाडी काढ! साखळ्या लाव चाकांना!"

पोचल्या त्या थेट गुडघ्यांवर पडल्या. मार्युरीचं तोंड पुसलं, तिला कुशीवर वळवलं, छातीला कान लावला.

"आहे," त्या म्हणाल्या. "श्वास आहे. तू बोलत राहा तिच्याशी."

मी नुसतं तिचं नाव घेत राहिले. छपराच्या कडेवरून तिच्या पापणीवर बर्फाचा कण पडायचा आणि तसाच राहायचा. पापणी हलत नव्हती. किती वेळ गेला माहीत नाही. बाई म्हणतात दोन-तीन मिनिटं. मग तिला खोकला आला, उलटी झाली आणि ती बारीक आवाजात रडायला लागली. एदेल्मिराबाई मागे रेलून बर्फातच बसल्या आणि त्याही रडू लागल्या. "तेव्हाच तो स्वेटर मी ओढून काढायला हवा होता," असं काहीतरी म्हणत होत्या.

इस्पितळात मार्युरीला तोंडावर मास्क लावून सहा तास प्राणवायू दिला. मलाही दिला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. त्या म्हणाल्या, "अर्धा तास उशीर झाला असता तर दोघीही गेला असता." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आता बरी दिसतेय. पण निखाऱ्यांचा हा विषारी वायू कधी कधी उशिरा दगा देतो. चाळीस दिवस लक्ष ठेवा. बोलताना अडखळली, काही विसरायला लागली, चालताना तोल गेला, तर लगेच घेऊन या."

रस्ता उघडल्यावर आर्सेसियो आला. छपरावर चढला, वाकलेली टोपी उपटून रस्त्यात फेकली, धुराडं साफ केलं. खाली उतरून भिंतीला टेकून बसला आणि म्हणाला, "परत जाऊ या. मला नकोय हे."

"कुठे? तिथे कोण वाट बघतंय ते माहीत आहे ना तुला?"

त्याला माहीत होतं. त्याच्या भावाला टोळीवाल्यांनी तिथल्या धक्क्यावरच गाठून मारलं होतं, भर दिवसा. आर्सेसियोने तोंड हातांत लपवलं. मग तो उठला आणि घरभरच्या पट्ट्या फाडायला लागला, एकेक. मी भोकातला स्वेटर ओढला. मार्युरी पलंगावरून बघत होती.

ते चाळीस दिवस मी मोजले. सकाळी डोळे उघडले की तिच्या अंथरुणाशी जाऊन विचारायचे. आज वार कोणता? आजीचं नाव काय? तुझ्या शाळेतल्या बाईंचं? तिला एक घास गिळायला वेळ लागला, तर मी जेवायचं सोडून तिच्या तोंडाकडे बघत राहायचे. एकदा ती 'चमचा' हा शब्द विसरली, नुसतं "ते, ते दे" म्हणाली, आणि मी तिला तशीच उचलून इस्पितळात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, हसल्या, म्हणाल्या, "शब्द मीही विसरते."

बाहेर बर्फ पडायचा थांबला नव्हता. खिडकी चार बोटं उघडी ठेवून आम्ही टोप्या घालून झोपायचो. लाकूड दुप्पट लागायचं. एदेल्मिराबाईंनी स्वतःच्या पडवीतलं दोन वर्षं वाळलेलं, लेंगा या इथल्या झाडाचं लाकूड ढकलगाडीने पाठवलं आणि झडप कधी लावायची, कधी नाही, हे शिकवायला रोज सकाळी येऊन बसू लागल्या.

सदतिसाव्या की अडतिसाव्या दिवशी मी तिच्या उशाशी बसले.

"मार्युरी, आजीचं नाव काय?"

तिने पांघरूण तोंडावर ओढलं. "पुरे ना आई! आजीला तिचं नाव आठवत नाही का, म्हणून मला रोज विचारतेस?"

मी हसले. ती उठली, बूट घातले, टोपी न घालताच दार उघडलं आणि बाहेर गेली. मी उंबऱ्यात उभी राहिले. हाक घशापर्यंत आली होती. मारली नाही. तिच्या तोंडातून निघणाऱ्या वाफा मोजत राहिले. एक, दोन, तीन.