अण्णांचं ओके

मी एक जुनी व्हीलचेअर आहे. दचकू नका, मित्रांनो. मला पाहिलं की माणसं उगाच आवाज खाली करतात आणि लहान मुलांना मागे ओढतात. मी काही कुणाला चावत नाही. माझी पुढची दोन चाकं कुरकुरतात, उजवा ब्रेक हट्टी आहे आणि पाय ठेवायची एक पट्टी कुठल्याशा घरी राहून गेली, तिथे आता फळीचा तुकडा बांधलाय. बाकी मी ठीक आहे. हल्लीच्या भाषेत सांगायचं तर ओके.

या ओकेबद्दलच मला तुमच्याशी बोलायचं आहे. माझ्या कानावर पडलेला पहिला शब्द तोच. एका पत्र्याच्या शेडमध्ये वेल्डरने माझे पाइप जोडले, रेक्झिनची बैठक ताणून बसवली, आणि मग तो स्वतःच माझ्यावर बसून शेडभर एक चक्कर मारून आला. उतरताना म्हणाला, "ओके." मी हरखून गेले. मला ती शाबासकी वाटली. पण त्याने माझ्याकडे परत पाहिलंही नाही, पुढच्या खुर्चीचा पाइप उचलला. तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली की ओके म्हणजे 'झालं एकदाचं' असंही असावं.

एका दुकानदाराने मला त्याच्या आईसाठी विकत घेतलं. त्या आजींनंतर त्याने मला कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये देऊन टाकलं. तिथले काका मोठे भले. ज्याला गरज असेल त्याने मला न्यावं, आणि काम झालं की आणून द्यावं, असा त्यांचा रिवाज. काम कसं झालं हे ते कधी विचारत नाहीत. आणणाऱ्याचा चेहरा बघतात, आणि एक तर हसतात, नाहीतर चष्मा काढून पुसत बसतात.

अशी मी घरोघर फिरले. जाते तेव्हा माझं कोण कौतुक! "बरं झालं बाई, केवढी सोय झाली." कुणी मला पुसतं, कुणी पाठीला उशी लावतं. परत येते तेव्हा कुणी माझ्याकडे बघत नाही. पेशंट स्वतःच्या पायांनी चालायला लागला तरी नाही, आणि नाही लागला तरी नाही. गरज संपली की तासाभरात मी घराबाहेर. सुरुवातीला मला लागायचं ते. मग मी ठरवून टाकलं की मनाला लावून घ्यायचं नाही. कोणी बसलं तर वजन पेलायचं, उठलं तर गप्प राहायचं. पुढे पुढे मला खरंच काही वाटेनासं झालं.

पण कान होते, ते काही बंद करता येत नाहीत. त्या घरांमधून ओके हा शब्द किती तऱ्हांनी ऐकला म्हणून सांगू! डॉक्टर रिपोर्ट बघून ओके म्हणाले की सगळं घर चहा ठेवायला धावायचं. भाजी कशी झालीय विचारल्यावर नवरा ओके म्हणाला की बायकोचं तोंड उतरायचं. नळ दुरुस्त करणारा 'ओके करून टाकला' म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी नळ पुन्हा गळायचा. भांडण रंगात आलेलं असताना एखादी सून नुसतं "ओके" म्हणून आत निघून जायची, आणि सगळ्यांना कळायचं की आता काही खरं नाही. फोन ठेवायचा असला की सगळेच ओके ओके म्हणतात. आईने बोट दाखवून "ओके?" म्हटलं की ती धमकी असते, हे तर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

मला वाटायचं, या शब्दाचं सगळं बघून झालं. मग अण्णांच्या घरी गेले.

अण्णा काचेच्या बरण्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. एका सकाळी दाढी करता करता ते खाली कोसळले. मेंदूत रक्ताची गाठ झाली होती. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला, आणि बोलणं गेलं. सगळं नाही गेलं. एक शब्द राहिला. डॉक्टरांनी सांगितलं की असं होतं कधी कधी, तोंडात बसलेला एखादाच शब्द उरतो. अण्णांच्या तोंडात ओके उरला.

का उरला, ते त्यांची बायको, म्हणजे माई, येणाऱ्या जाणाऱ्याला सांगायची. कारखान्यात बरण्या तपासायचं काम अण्णांकडे होतं. बरणी समोर आली की ते तिला उजव्या हाताच्या बोटाने टिचकी मारायचे, नाद ऐकायचे आणि "ओके" म्हणून पुढे सरकवायचे. तडा गेलेली निघाली तर काही बोलायचे नाहीत, डाव्या हाताने मुकाट्याने बाजूला सारायचे. जन्मभर हेच केलं. घरीसुद्धा तसंच. न आवडलेल्या भाजीला त्यांनी कधी नावं ठेवली नाहीत, वाटी डाव्या हाताने जरा लांब सारली की झालं.

आता अण्णा दिवसभर माझ्यावर बसून असायचे. भूक लागली की ओके. पंखा नको असला की ओके. माई आंघोळीला गेली आणि एकटं वाटलं की ओके, ओके, ओके. बघायला येणाऱ्यांना याची गंमत वाटायची. माईचा भाऊ तर एकदा म्हणाला, "काय भावजी, हे घर माझ्या नावावर करून टाकता का?" अण्णा म्हणाले, "ओके." सगळे पोट धरून हसले. अर्ध्या तोंडाने अण्णाही हसले.

पण त्याच वेळी मला काहीतरी जाणवलं. अण्णांचा डावा हात माझ्या डाव्या हातावर असायचा. तो हात बाहेरच्या बाजूला रेटत होता. बघणाऱ्याला दिसणार नाही इतकंच, पण रेटत होता. त्यानंतर मी लक्ष ठेवलं. पाणी हवं असलं की ओके म्हणताना हात नुसता पडून असायचा. नको असलं की तोंडाने तेच ओके, आणि हात मला बाजूला सारायचा. अण्णांना 'नाही' असं म्हणता येत होतं, मित्रांनो. फक्त ते मला म्हणत होते, आणि मी पडले खुर्ची.

या रेटारेटीत माझ्या डाव्या हाताचा स्क्रू ढिला झाला. माई त्यावर सुतळी गुंडाळायची आणि म्हणायची, जुनी खुर्ची आहे, खिळखिळी झालीय. मी ऐकून घेतलं. माईला बोलायचा हक्क होता. अण्णांना पलंगावरून माझ्यावर आणि माझ्यावरून पलंगावर तीच घ्यायची. काखेत हात घालून, स्वतःचे गुडघे त्यांच्या गुडघ्यांना टेकवून, दात आवळून. नंतर बराच वेळ ती माझी पाठ धरून उभी राहायची, आणि तिचं सगळं वजन माझ्या पाइपांत उतरायचं.

मुलगा दुसऱ्या गावी नोकरीला होता. रोज संध्याकाळी न चुकता फोन करायचा. माई स्पीकर लावून फोन माझ्या बैठकीच्या कडेला ठेवायची. "आई, कशी आहेस?" "ओके आहे रे." "आणि अण्णा?" अण्णा स्वतःच सांगायचे, "ओके." "चला, मग ठेवतो, मीटिंग आहे." मुलगा वाईट नव्हता. औषधं संपायच्या आत तो नवी पाठवायचा. डायपरचा खोका दारात यायचा. त्याला दोघं ओके आहेत असं रोज कळत होतं, मग त्याने काळजी कशाची करायची?

मग एकदा अण्णांना उचलताना माईचा पाय सरकला. दोघं जमिनीवर. शेजारच्यांनी येऊन उठवलं. मोडलं काही नाही, पण मुलाला कळवलं, आणि तो रजा टाकून आला. दोन दिवस त्याने चौकशी केली आणि तोडगा काढला. शहराबाहेर एक चांगलं केअर सेंटर होतं. नर्स होत्या, व्यायाम करून घेणारा माणूस होता. अण्णा तिथे राहतील. माई त्याच्याबरोबर त्याच्या गावी जाईल. घराला कुलूप.

म्हणजे दोघं वेगळी होणार होती. इतक्या वर्षांच्या संसारात माई माहेरीसुद्धा कधी आठवड्याच्या वर राहिली नव्हती.

माई म्हणाली, तू म्हणशील तसं. मग मुलगा अण्णांसमोर वाकला आणि त्याने नीट समजावून सांगितलं. शेवटी विचारलं, "जाल ना तिकडे?"

"ओके," अण्णा म्हणाले.

मुलाचा जीव भांड्यात पडला. त्याने अण्णांच्या खांद्यावर थोपटलं. माझा डावा हात त्या वेळी इतका रेटला गेला की सुतळी तटकन तुटली. कुणाचं लक्ष गेलं नाही. आणि खरं सांगू? मलाही काही वाटलं नाही. मी मनाशी म्हटलं, चला, काम झालं, आता परत मेडिकलमध्ये.

निघायच्या सकाळी गाडी दाराशी येऊन उभी राहिली. अण्णांना माझ्यावर बसवून गाडीपर्यंत न्यायचं आणि तिकडून मला काकांकडे पोचवायचं, असं ठरलं होतं. मुलाने पाहिलं, माझा डावा हात लटपटतोय. वाटेत निसटला तर पंचाईत. म्हणून तो स्क्रू ड्रायव्हर घेऊन जमिनीवर बसला. एका हाताने त्याने माझा हात खालून घट्ट धरला आणि दुसऱ्या हाताने स्क्रू पिळायला लागला. अण्णा माझ्यावर बसलेलेच होते, त्यांचा हात तिथेच होता, वरच्या बाजूला.

माई पिशवी भरत होती. तिने विचारलं, "अहो, पाणी घेताय का निघायच्या आधी?" अण्णा ओके म्हणाले. हात तसाच पडून. तिने विचारलं, स्वेटर घालू का? ओके. हाताने सारलं. मुलाचा स्क्रू ड्रायव्हर घसरला. त्याने पुन्हा लावला. मग माई पिशवीत तोंड घालूनच म्हणाली, "निघायचं ना आता?"

ओके म्हणताना अण्णांनी सगळा जीव त्या हातात आणला. मी कडेला कलंडले. मुलगा मान वर करून बघतच राहिला. मग त्याने हळूच विचारलं, "अण्णा, तुम्हाला तिकडे जायचंय?" ओके, आणि हाताचा रेटा. त्याने परत विचारलं. परत तेच.

"आई," मुलगा म्हणाला, "हे 'नाही' म्हणतायत."

माई पिशवीची चेन लावत होती. ती थांबली.

"माहितीये मला," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून माहितीये. पण मला आता ते उचलवत नाहीत रे."

मित्रांनो, मला वाटत होतं की ते गुपित फक्त मलाच कळलंय. मनातून जरा तोराही होता त्याचा. माई रोज त्या हाताकडे बघत होती, समजत होती, आणि मला खिळखिळी म्हणत सुतळी बांधत होती.

मुलगा म्हणाला, "मग मला रोज फोनवर ओके का सांगायचीस?"

"तू विचारायचास आणि लगेच ठेवतो म्हणायचास," माई म्हणाली. "तेवढ्यात काय सांगणार?"

तिच्या आवाजात राग नव्हता. काहीच नव्हतं. बाहेर गाडीवाल्याने हॉर्न दिला. कुणीही काही विचारलेलं नसताना अण्णा म्हणाले, "ओके." ते माईकडे बघत होते. त्यांचा डावा हात माझ्यावर अगदी शांत पडून होता. जरासुद्धा हलला नाही.

माईला उचलवत नाही, हे त्यांनी ऐकलं होतं. आता ते जायला खरोखर तयार होते. खाली मुलाचा हात होता, त्यालाही ते कळलं. मला वाईट वाटलं. किती तरी घरांनंतर मला काहीतरी वाटलं, आणि ते वाईट वाटलं.

मुलगा उठला, दारात गेला आणि गाडीवाल्याला जा म्हणाला. परत येऊन त्याने माईला विचारलं, "कसं उचलतेस? दाखव मला." तिने तोंडाने सांगितलं, काखेत हात कसा घालायचा, गुडघे कुठे टेकवायचे. तो धडधाकट माणूस, पण पलंगापर्यंत नेताना त्याला मध्ये थांबावं लागलं. अण्णांना निजवल्यावर तो त्यांच्या पायाशी बसून राहिला. माई म्हणाली, जेवून घे. तो उठला नाही.

पुढे सकाळ संध्याकाळ अण्णांना उचलायला एक धट्टाकट्टा मदतनीस यायला लागला. मुलगा शनिवारी येऊन सोमवारी जायचा. फोन तो पूर्वीसारखाच करायचा, पण माईने ओके म्हटल्यावर 'पाठ कशी आहे' असं विचारायचा, आणि मग माई पाठीचं सविस्तर सांगायची. अण्णा त्यांच्या घरीच राहिले. पुढे केव्हातरी मी मेडिकलमध्ये परत आले. त्या दिवशी काका हसले की त्यांनी चष्मा पुसला, ते मी सांगणार नाही.

आता मी शटरच्या आत, जिन्याखाली उभी आहे. मला पुसत जा, चाकांना तेलाचे दोन थेंब द्या, असं खरं तर मी तुम्हाला सांगायला हवं. जमलं तर तेही करा. पण तुमच्या घरात कुणी दमलेल्या चेहऱ्याने ओके म्हणालं, तर लगेच उठून जाऊ नका. जवळ बसा, त्यांचा हात हातात घ्या, आणि तोच प्रश्न पुन्हा एकदा विचारा. मला तो विचारता येत नाही. तुम्हाला येतो.