काळ्या बंपरवरची पांढरी रेघ

सासूबाईंनी गाडी चालवणं सोडलं, हे आधी कोणाच्या ध्यानातच आलं नाही. कारणंच त्या अशी चोख देत. एका गुरुवारी गुडघा दुखत होता, दुसऱ्या गुरुवारी चष्म्याचा नंबर वाढला होता, तिसऱ्याला तर नुसता कंटाळा आला होता. साठाव्या वर्षी हट्टाने लायसन्स काढलेल्या बाईला गाडीचा कंटाळा? सुनेला काही ते पटेना.

गाडी शिकण्यामागे एकच कारण होतं, थोरली बहीण. तिला सगळे माई म्हणत. ती नदीपलीकडे राहायची. पाय गेलेले, दिवसभर खिडकीशी बसून. दोन बस बदलून, चढण चढून तिच्याकडे जायचं म्हणजे सासूबाई मेटाकुटीला येत. गाडी शिकल्यापासून दर गुरुवारी दोघी बहिणी भेटत, भांडत आणि पुढच्या गुरुवारपर्यंत पुरेल इतकं हसून घेत. आता तीन गुरुवार फोनवरच भागवले होते.

सून गाड्यांचे बंपर ठोकून बघणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. टांगलेलं लोखंडी वजन मागे ओढून सोडायचं आणि ते आदळलं की प्लॅस्टिक किती आत गेलं, किती परत बाहेर आलं, कुठे तडकलं, ते टिपायचं. तिथे तिला ठोकाबाईच म्हणत. घरी जेवतानाही तिचं हेच पुराण चाले. नवरा जांभया द्यायचा. सासूबाई मात्र कान देऊन ऐकायच्या.

रविवारी ती गाडी पुसायला बसली. पुढच्या काळ्या बंपरच्या कोपऱ्यावरून ओलं फडकं फिरवलं, तर फडक्याला तपकिरी डाग. तिने वास घेऊन पाहिला. केसांचा कलप! आणि कलपाखाली वीतभर पांढुरकी रेघ. हे प्लॅस्टिक फार वाकलं की वाकल्या जागी असं पांढरं पडतं. तिने खालून हात घालून चाचपलं. आतल्या दोन क्लिपा तुटलेल्या, फोम एका बाजूने फुटलेला. बाहेरून मात्र पोचा औषधालाही नव्हता. कोणीतरी उकळतं पाणी ओतून, आतून ढकलून, वर गार पाणी मारून अगदी रीतसर काम केलं होतं. ही युक्ती जेवताना तिनेच सांगितली होती. शिष्य फारच हुशार निघाला.

तिला आधी हसू फुटलं आणि मग भरून आलं. या वयात ही बाई किटली घेऊन गाडीपुढे एकटी वाकली असेल, आणि राहिलेली रेघ बघून कलपाची बाटली आणायला धावली असेल.

तिने फडकं नेऊन सासूबाईंपुढे धरलं. "आई, गाडीचेही केस पिकायला लागले वाटतं?"

सासूबाई हसल्या नाहीत. फडकं हातात घेऊन खुर्चीत बसल्या.

"माईच्या फाटकाचा खांब," त्या म्हणाल्या. "ब्रेक दाबायला गेले आणि पाय भलतीकडेच पडला. खांब होता म्हणून निभावलं गं. तिथे कोणी उभं असतं तर?"

"तर लागलं असतं," सून म्हणाली. या बाबतीत खोटं बोलणं तिला जमणारं नव्हतं. "समोरच्याला कमी लागावं म्हणून बंपर मऊ करतात. पण लागायचं ते लागतंच."

"मग माझी मलाच भीती वाटते. किल्ली तुझ्याकडेच ठेव."

सुनेने किल्ली घेतली, पण गप्प बसणाऱ्यातली ती नव्हती. तिने नव्या क्लिपा आणि नवा फोम बसवला. रेघेवर हेअर ड्रायर धरला, तशी ती बरीचशी विझली. थोडी राहिली ती राहिलीच. मग रोज संध्याकाळी सासूबाईंना प्रयोगशाळेमागच्या मोकळ्या आवारात नेऊन तिने रिकाम्या खोक्यांसमोर ब्रेक दाबायला लावला. टाच जमिनीला, पंजा ब्रेकवर. पहिल्या दिवशी सहा खोकी चेपली. दुसऱ्या दिवशी दोन. आठव्या दिवशी एकही नाही. तेव्हा सुनेने खोकी उचलली आणि त्या जागी स्वतः उभी राहिली.

"वेड लागलंय का तुला? बाजूला हो!"

"होणार नाही. हळूच या, आई."

गाडी मुंगीच्या पावलाने निघाली आणि वीस पावलं अलीकडेच थांबली.

"अजून पुढे या."

"मेले तरी येणार नाही!" सासूबाई खिडकीतून ओरडल्या. त्यांना रडू कोसळलं होतं, पण पाय ब्रेकवर घट्ट होता. सुनेने जवळ येऊन तो पाहिला आणि किल्ली गाडीलाच राहू दिली.

गुरुवारी सून शेजारी बसायला निघाली, तर सासूबाईंनी दार आतून लावून घेतलं. "तू नको. तू असलीस की मी तुझ्यावर विसंबते."

गाडी वळणाआड गेली. दिवसभर ठोकाठोकी करणारी ठोकाबाई फोन हातात घेऊन पायरीवर बसली. चाळीस मिनिटं. पन्नास. घाटातला चढ, पूल, ते फाटक, सगळं तिच्या डोळ्यांपुढून जात होतं.

फोन वाजला. पलीकडे माई होती.

"आली गं तुझी सासू. खिडकीतून बघतेय मी. दहा मिनिटं झाली, अजून गाडी लावतेच आहे. खांबापासून इतकी लांब लावलीय, की तिथून माझ्यापर्यंत यायला तिला बस पकडावी लागेल!"

आणि हसता हसता माईने खिडकीतूनच बहिणीला हाक मारली.