पहिली आज्ञा

"पहिली आज्ञा कुठाय यात?" लाझरनं विचारलं.

माझ्या शेडमध्ये दगड आडवा होता. त्यावर खडूनं दहा आज्ञा लिहिल्या होत्या, छिन्नी लावायची बाकी होती. जिल्ह्याचे सभापती प्रुइट कागद घेऊन उभे होते. कोर्टासमोर, सरकारी जागेत एकाच धर्माचा दगड नको, अशी कुणी तरी हरकत घेतली होती. दगड नुसता ख्रिस्त्यांचा नाही, ज्यूंचाही आहे, असं एखाद्या ज्यूनं लिहून दिलं तर निभावेल, असं वकील म्हणाले होते. आमच्या गावात ज्यू एकच, जोड्यांचा दुकानदार लाझर झुसमन. माझी दोस्ती त्याच्याशीच. पन्नाशीत मला अक्षरं शिकवली ती त्यानंच, जोड्यांच्या खोक्यांवरची.

"ही काय पहिली," प्रुइटांनी बोट ठेवलं. "'माझ्याखेरीज दुसरे देव मानू नकोस.'"

"तुमच्या पहिल्या दोन मिळून आमची दुसरी. पहिली म्हणजे, 'तुला मिसर देशातल्या गुलामीतून बाहेर काढणारा तुझा परमेश्वर मी आहे.'"

"झुसमनसाहेब, केंटकीत मिसर कशाला? ग्रंथ एकच ना आपला?"

"हो."

"आज्ञा दहाच?"

"दहाच."

"मग अडलं कुठं?"

मी खडूच्या ओळी दोनदा मोजल्या. दहा भरल्या. चूक कुणाची, ते मला कळेना.

"ती ओळ घाला," लाझर म्हणाला, "आत्ता सही करतो."

"म्हणजे अकरा! आमचे पाद्री मला दारात तरी उभं करतील का? टॅकेट, तू समजाव रे याला."

मी म्हणालो, "कर ना सही, लाझर. चाळीस वर्षं काढलीस इथं. एका ओळीपायी सगळ्या गावाशी वाकडं घेतोस?"

"लेका, ती ओळ काढली तर बाकीच्या नऊ आम्हाला सांगितल्या कुणी?"

त्यानं पेनला टोपण लावून ते परत दिलं.

प्रुइटांनी सहीविनाच दगड बसवला. भाषणात 'ज्यू आणि ख्रिस्ती, आपला सामायिक वारसा' असं चारदा म्हणाले. पहिल्या रांगेत लाझरच्या नावाची चिठ्ठी लावलेली खुर्ची रिकामी होती.

"फोटोत बरं दिसत नाही," प्रुइट माझ्या कानाशी म्हणाले. "तू बस."

मी बसलो.

रस्त्यापलीकडे लाझर दुकानाच्या दारात उभा होता. त्यानं हात वर करून मला ओळख दिली आणि दार लोटून घेतलं.