हिरव्या बनातीची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे. आपली गोष्ट सांगावी असे माझ्या आयुष्यात फारसे काही घडलेले नाही. जे घडले ते एकदाच, आणि त्यात चूक माझी होती की नव्हती हे मला अजून ठरवता आलेले नाही. तुम्ही ऐकून ठरवा.

अमेरिकेत मिशिगन राज्यात ट्रॉय नावाचे गाव आहे. त्याला लागून असलेल्या एका लहान शहरात, २००१ सालच्या हिवाळ्याच्या तोंडाशी माझा जन्म झाला. मला घडवले मिस्टर कोवाल्स्की यांनी. मोटारींच्या कारखान्यासाठी लाकडाचे साचे करण्यात त्यांची चाळीस वर्षे गेली होती. आता ते निवृत्त होते आणि घरी एकटेच असत. त्यांनी मला मेपलच्या फळ्यांपासून बनवले, वर कागद टाकायला एक फट ठेवली आणि मागे कुलूप बसवले. शेवटी आतून हिरवी बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, चिकटवली.

"कागद पडल्याचा आवाज होता कामा नये," ते स्वतःशीच म्हणाले. "लिहिणाऱ्याला लाज वाटते."

ती बनात पुढे काय करणार आहे हे त्यांना कुठे ठाऊक होते!

माझे काम समजायचे, तर आधी शहराच्या परिषदेचे काम समजायला हवे. परिषद स्वतः कोणाच्या घरी जाऊन म्हाताऱ्या माणसांना सोबत करत नाही. ती आधी लोकांना विचारते, तुम्हाला काय हवे? लोक कागदावर लिहून देतात. मग परिषद ठरवते, की अमुक एक सेवा हवी आहे. वेगवेगळ्या संस्था येऊन सांगतात, हे काम आम्ही असे असे करू. परिषद त्यातली एक निवडते. काही वर्षांनी पुन्हा लोकांना विचारते, अजून हवे आहे का? हे विचारण्याचे कागद ज्या पेटीत पडत, ती पेटी मी.

पहिल्या खेपेला मला वाचनालयात ठेवले होते. आमच्या शहरात पुण्याहून, नागपुराहून, मुंबईहून आलेली बरीच तरुण मंडळी होती. कोणी मोटार कंपनीत, कोणी कॉम्प्युटरवर काम करत. त्यांनी येऊन कागद भरले. 'माझे वडील दिवसभर घरात एकटे असतात.' 'आईला ड्राइव्ह करता येत नाही, बोलायला कोणी नाही.' मला आत अंधारात दुसरे काम नसते, म्हणून मी पडेल तो कागद वाचत असे. मराठी मी तशीच शिकले, थोडी कागदांवरून आणि पुढे बरीचशी ऐकून.

त्या कागदांमुळे परिषदेने बुधवारची बैठक सुरू केली. तीन संस्था पुढे आल्या होत्या. निवड झाली एका छोट्या संस्थेची, कारण तिच्यातर्फे बोलायला आलेली नागपूरची शैलजा म्हणाली, "आम्ही व्हॅन घरापर्यंत नेऊ. या लोकांना बर्फात फाट्यापर्यंत चालायला लावणार नाही."

मग दर बुधवारी सभागृहात बावीस-तेवीस आजी-आजोबा जमू लागले. शैलजा सर्वांचा रक्तदाब बघे, गरम वरणभात वाढी, पत्ते मांडी. आल्या आल्या प्रत्येकाने आपल्या नावाची चिठ्ठी माझ्यात टाकायची, म्हणजे परिषदेला कळे की किती जण येतात. शरयूकाकू चिठ्ठी टाकली की माझ्या डोक्यावर दोन टिचक्या मारत आणि म्हणत, "आले गं बाई." मला उद्देशून असे कोणी बोलत नसे. त्या एकट्याच बोलत.

त्र्यंबककाका मात्र गुपचूप चिठ्ठी टाकत. ते साताऱ्याच्या शाळेत गणित शिकवत असत. पत्नी गेल्यावर मुलगा शार्दूल त्यांना इकडे घेऊन आला. मुलगा चांगला होता, सून अबोलीही चांगली होती. दोघे सकाळी सातला बाहेर पडत आणि संध्याकाळी सातला परत येत. काका कमी बोलत. पण बुधवारी व्हॅनमधून सर्वांत आधी तेच उतरत.

चार वर्षे अशी गेली. ती माझी चांगली वर्षे. तेव्हा ते मला कळले नव्हते.

२००६ च्या मार्च महिन्यात परिषदेने पुन्हा विचारायचे ठरवले. कारखान्यांतून माणसे कमी होत होती, शहरात गरजा वाढल्या होत्या. जी सेवा नको असेल ती थांबवून तिचे पैसे दुसरीकडे वळवायचे होते. या वेळी मुलांना न विचारता आजी-आजोबांनाच विचारायचे होते. परिषदेच्या मिस डोना यांनी नियम सांगितला. सहावा प्रश्न होता: 'दिवसातला बराच वेळ तुम्हाला एकटे वाटते का?' एका माणसाने जरी 'हो' लिहिले, तरी परिषदेचे कोणीतरी त्याच्या घरी जाईल, बसून बोलेल, आणि तोवर बैठक बंद होणार नाही. नियम चांगला होता. मला तरी तो चांगला वाटला.

शैलजाने प्रश्न मराठीत करून आणले. "ज्याने त्याने आपापला भरायचा हं," असे सांगून ती व्हॅनचे बघायला बाहेर गेली. बस, तेवढीच तिची चूक.

"माझा चष्मा घरी राहिला," शरयूकाकू म्हणाल्या. "त्र्यंबकराव, तुम्हीच वाचा बघू मोठ्यानं. मास्तर ना तुम्ही?"

काकांनी खडू धरावा तशी पेन्सिल धरली आणि वाचायला सुरुवात केली. "प्रश्न पाच. घरी जेवण वेळेवर मिळतं का?"

"फ्रीज उघडला की मिळतं," काकू म्हणाल्या. सगळे हसले.

"मग काय लिहू?"

"हो लिहा. सून डब्यांवर वारांच्या चिठ्ठ्या लावून जाते बिचारी. मंगळवारची भाजी सोमवारी खाल्ली तर पकडते मला."

"प्रश्न सहा," काका म्हणाले आणि थांबले. मग त्यांनी तो वाचला.

टेबलाभोवती सगळे आपापल्या कागदाकडे पाहू लागले. पत्त्यांचा डाव तसाच पडून होता.

"आमचा गुरुदत्त रोज लंचला फोन करतो," कोपऱ्यातून एक आजोबा म्हणाले.

"आमचा तर दोनदा करतो."

"एकटं कशाला वाटेल?" शरयूकाकू म्हणाल्या. "पोरांनी काय टाकलंय का आपल्याला? हे कागद वाचणार कोण, तर इथले लोक. म्हणतील, इंडियाची माणसं आई-बापांना बघत नाहीत. नाही लिहा!"

"नाही," दुसरे म्हणाले. "नाही," तिसरे म्हणाले.

"आणि तुमचं हो, मास्तर?"

"माझंही नाहीच," काका म्हणाले.

बावीस कागद माझ्यात पडले. बावीस 'नाही'. मी ते एकेक वाचले आणि मित्रांनो, मला काही सुचेना. याच माणसांना मी दर बुधवारी दारात ओठ हलवताना पाहत होते. सहा दिवस न वापरलेला आवाज ती घशातल्या घशात आधी चाचपून बघत.

सगळे व्हॅनकडे गेले. थोड्या वेळाने त्र्यंबककाका एकटेच परत आले. "मफलर राहिला," असे त्यांनी मोठ्याने म्हटले, पण मफलर त्यांच्या गळ्यातच होता. त्यांनी उरलेला एक फॉर्म उचलला, उभ्यानेच मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिले, खाली नाव घातले, कागदाची चौघडी केली आणि माझ्यात टाकली. मग माझ्या झाकणावर तळहात ठेवला, वर्गातल्या एखाद्या मुलाच्या डोक्यावर ठेवावा तसा, आणि ते निघून गेले.

सभागृहात हिवाळाभर हीटर चाले. त्या कोरड्या हवेने माझ्या एका कोपऱ्यातली बनात लाकडापासून सुटली होती. मला ते माहीत होते, पण सांगणार कोणाला? ती चौघडी नेमकी त्या कोपऱ्यात पडली आणि बनातीच्या मागे सरकली. आवाजही झाला नाही.

दुसऱ्या दिवशी मिस डोनांनी कुलूप उघडले. शैलजाने लिहून दिलेला मराठी 'नाही' समोर ठेवून कागद मोजले. पुन्हा मोजले. त्यांचा चेहरा खरोखर आनंदला. "बावीसच्या बावीस!" त्या म्हणाल्या. "किती छान कुटुंबं आहेत ही!"

परिषदेच्या सभेत मला पुरावा म्हणून समोरच्या टेबलावर ठेवले होते. बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटे होती. शैलजा उठली. "आमच्याकडे 'नाही' म्हणणं म्हणजे नको असणं नसतं," ती म्हणाली. "मुलांची इज्जत जाईल म्हणून ही माणसं असं लिहितात. मी यांना चार वर्षं ओळखते."

"तुमच्यावर माझा विश्वास आहे," अध्यक्ष सौम्यपणे म्हणाले. "पण कोणी तसं लिहून दिलंय का? एकानं तरी?"

शैलजा खाली बसली. तिच्याकडे काही नव्हते. जे होते ते तिच्यापासून दोन हातांवर, माझ्या पोटात होते. मला ओरडता आले असते, निदान टेबलावरून खाली पडता आले असते, तर! पण पेटीला कोणीतरी हलवावे लागते.

जूनमध्ये बैठक बंद झाली. शेवटच्या बुधवारी शरयूकाकूंनी सांगितले की त्या मुलीकडे टेक्सासमध्ये शुगर लँडला निघाल्या आहेत. "तिथं म्हणे घामानं जीव जातो," त्या म्हणाल्या. "इथं निदान बर्फाला नावं ठेवायला तुम्ही सगळे होतात." जाताना त्यांनी मला दोन टिचक्या मारल्या. "आले" असे म्हणाल्या नाहीत.

मग मला कपाटात ठेवले. जवळजवळ दोन वर्षे. तिथे एक मोडका पंखा होता आणि जुन्या खुर्च्या होत्या. मी तो कागद रोज वाचत असे. पाठच झाला होता. त्यात असे लिहिले होते:

'सर्वांसमोर मी नाही म्हटले. प्रश्न सहाचे माझे खरे उत्तर हो आहे. सकाळी मुलगा "येतो बाबा" म्हणतो, त्यानंतर संध्याकाळपर्यंत मला माझाच आवाज ऐकू येत नाही. परवा मी मायक्रोवेव्हला "झालं का रे?" असे विचारले. कृपया हे शार्दूलला कळवू नये, तो चांगला आहे. कृपया बुधवार बंद करू नये.'

२००८ च्या एप्रिलमध्ये परिषदेने कागद बंद केले. आता लोकांना कॉम्प्युटरवर विचारायचे होते. कपाट रिकामे करताना मिस डोनांनी मला शैलजाकडे दिले. "आठवण म्हणून ठेव," त्या म्हणाल्या. शैलजा आता दुसऱ्या नोकरीत होती. तिने मला घरी नेले, सुईदोरे ठेवायला उपयोगी पडेल म्हणून पुसायला घेतले, आणि उलटे करून आपटले. बनातीमागून चौघडी ओट्यावर पडली.

तिने ती वाचली. मग उभ्याउभ्या पुन्हा वाचली. त्या दिवशी नेमका बुधवार होता. तिने गाडीची किल्ली घेतली आणि मला शेजारच्या सीटवर ठेवले. सीट बेल्टही लावला. का कोण जाणे.

दार त्र्यंबककाकांनीच उघडले. ते बारीक झाले होते. त्यांनी बोलण्याआधी ओठ हलवून पाहिले.

"अगं शैलजा! ये, ये. मी अगदी मजेत आहे. शार्दूलला प्रमोशन मिळालं. अबोलीनं मला टीव्हीवर मराठी चॅनल लावून दिलंय. काही म्हणजे काही कमी नाही."

"काका," शैलजा म्हणाली, आणि तिने कागद पुढे केला. "हा आज सापडला. पेटीतच अडकला होता. कोणी वाचलाच नाही हो हा."

काकांनी आपले अक्षर ओळखले. ते दारातच हळूहळू खाली बसले.

"वाचलाच नाही?" ते म्हणाले. "मला वाटलं, वाचला. दोन वर्षं वाटत होतं की वाचला आणि ठेवून दिला. म्हटलं, चाळीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून शिकवलं. एकदा आपण बोललो, तर कोणी आलंसुद्धा नाही."

"मी आलेय ना."

"हो," ते म्हणाले. "हो, तू आलीस."

मित्रांनो, बैठक बंद पडली याचे मला दुःख आहेच. पण माणसाने महत्प्रयासाने खरे सांगितले, आणि ते ऐकून कोणी आले नाही असे समजून तो दोन वर्षे त्या घरात बसला, ते मला सहन होत नाही. माझ्या अंगात माणसाचे काळीज नाही, बनात आहे. तरीही.

काकांनी मला आत नेले. डिंकाची बाटली शोधली, सुटलेली बनात चिकटवली आणि कोपऱ्यावर जाड पुस्तक दाबून ठेवले. ते वाळेपर्यंत शैलजा बसली. चहा दोनदा झाला. काका तीन तास बोलत होते. शेवटी त्यांचा आवाज बसला, तेव्हा ते हसले.

"संध्याकाळी शार्दूलला सांगायचं का?" शैलजाने विचारले.

काकांनी कागदाची पुन्हा चौघडी केली. "मीच सांगीन," ते म्हणाले. "पेटीत टाकून नाही."

म्हणून तुम्हाला एवढेच सांगणे आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला 'बरे आहात ना?' असे चारचौघांत विचारू नका. तो 'हो' म्हणेल, तुमच्यासाठी म्हणेल. त्याच्याजवळ एकटे जाऊन बसा. पुन्हा एकदा विचारा. आणि कोणी आपले खरे तुमच्या हाती दिले, तर ते पोहोचले की नाही ते कोपरे चाचपून बघा.

मी आता काकांच्या टेबलावर असते. बुधवारी शैलजा येते. दुपारी कधीकधी शार्दूलचा फोन येतो, आणि तो पूर्वीपेक्षा लांब चालतो. एरवी सकाळी सातनंतर घरात आम्ही दोघेच. काका मला दोन टिचक्या मारतात, घसा साफ करतात आणि काहीबाही सांगू लागतात. माझी फट उघडीच असते. ती चौघडी मात्र त्यांनी पुन्हा माझ्यात टाकलेली नाही. ती शार्दूलच्या खोलीत आहे.